डिग्री पोचते, सही मागे राहते

वर्धा जिल्ह्यात घर बांधायला काढलं की नकाशाच्या आधी जमिनीचा विषय निघतो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेली इथली काळी माती कपाशीला मानवते, भिंतीला मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातलं मोंटमोरिलोनाईट नावाचं खनिज याच्या मुळाशी आहे. त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरलं की थर एकमेकांपासून दूर सरकतात. वरचं हलकं घर या हालचालीबरोबर खालीवर होतं आणि दोन-तीन पावसाळे गेले की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. म्हणून इथला सिव्हिल इंजिनिअर पाया मुरमापर्यंत नेतो, जोत्याखालची काळी काढून मुरूम भरतो, नाहीतर तळाशी फुगीर केलेले अंडर-रीम्ड पाईल घालतो. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याकडे रुजवली. काळ्या मातीतल्या कालव्यांचं अस्तर टिकावं म्हणून मुंबई आयआयटीतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्ये घालण्याची युक्ती शोधली, तीही याच मातीच्या त्रासातून.

आता कॅनडातलं विनिपेग शहर घ्या. हिमयुगाच्या अखेरीस त्या भागात अगासिझ नावाचं अफाट सरोवर होतं. त्याच्या तळाशी साचलेल्या चिकणमातीवर आजचं शहर उभं आहे, आणि ती मातीही फुगते, आक्रसते, घरांच्या तळघरांना भेगा पाडते. याच शहराजवळ ट्रान्सकोना इथे ऑक्टोबर १९१३ मध्ये नवं कोरं धान्याचं कोठार पहिल्यांदा भरत असताना खालची माती दबली आणि अख्खी इमारत सुमारे २७ अंशांत कलली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. कोठार पुढे सरळ करून वापरातही आलं. जमिनीची भारवहन क्षमता शिकवताना जगभर हे उदाहरण देतात; आपल्याकडच्या मुलांनीही ते परीक्षेपुरतं का होईना वाचलेलं असतं.

म्हणजे वर्ध्यात दहा वर्षं काळ्या मातीत पाये घातलेला माणूस विनिपेगला गेला, तर तिथल्या मातीचं दुखणं त्याला निम्मं आधीच ठाऊक असतं. बर्फाचा भार त्याला शिकावा लागेल. भारांच्या भारतीय मानकाचा म्हणजे आयएस ८७५ चा चौथा भाग बर्फाबद्दलच आहे, पण तो वर्ध्यात उघडायची वेळ कुणावर येत नाही. जमीन गोठते किती खोल आणि पाया तिच्याखाली का न्यायचा, हे शिकावं लागेल. काँक्रीटसाठी आयएस ४५६ ऐवजी कॅनडाचं सीएसए मानक हाती घ्यावं लागेल. दोन्हींचा पाया मर्यादावस्था पद्धतीचा, त्यामुळे गुणांक बदलतात, विचाराची रीत तीच राहते. मेहनती माणसाला हे काही महिन्यांचं काम आहे. तरीही परदेशात शिकून आलेले कितीतरी अभियंते तिथे पहिली काही वर्षं गोदामात खोकी उचलण्यात किंवा टॅक्सी चालवण्यात घालवतात. यात माणूस झिजतो, घर झिजतं आणि ज्या देशाला त्याचं कौशल्य हवं होतं त्यालाही ते मिळत नाही. असं का होतं हे नीट समजून घेतलं, तर मदत कुठे करायची तेही कळतं. माझं म्हणणं असं आहे की त्यातली निम्मी मदत नव्या देशात नाही, इथे वर्ध्यातच व्हायला हवी.

आपल्या गैरसमजाची सुरुवात एका सवयीत आहे. आपल्याकडे बीई झाला की तो इंजिनिअर. घरच्यांसाठी, लग्नाच्या बायोडाट्यासाठी, कंपनीसाठी, सरकारी नोकरीसाठीही. डॉक्टरला वैद्यक परिषदेची, वकिलाला बार कौन्सिलची नोंदणी लागते, तशी अभियंत्याला देशभर लागू असलेली सक्तीची नोंदणी भारतात नाही. परवान्याचा संबंध येतो तो मुख्यतः बांधकामाच्या मंजुरीपुरता. नगरपालिकेत नकाशा दाखल करताना परवानाधारक अभियंत्याची किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते. यंत्र, रसायन यांतल्या बहुतेक मंडळींना आयुष्यभर परवाना हा शब्दही ऐकावा लागत नाही.

कॅनडा आणि अमेरिकेत शिक्षण आणि सहीचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात, आणि त्यामागे अपघातांचा इतिहास आहे. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीवरचा बांधकाम चालू असलेला क्युबेक पूल कोसळला आणि ७५ कामगार गेले. सल्लागार अभियंता न्यूयॉर्कमध्ये बसून होता. पुलाचं वजन हिशोबात धरलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त भरत होतं, आणि साईटवर दाबपट्ट्या वाकताना दिसत असूनही काम वेळेत थांबलं नाही. १९१६ मध्ये दुसऱ्या प्रयत्नात मधला गाळा वर चढवताना पडला आणि आणखी १३ माणसं गेली. कॅनडातले अभियंते शिक्षण संपताना करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. १९२५ मध्ये सुरू झालेल्या त्या विधीतल्या अंगठ्या याच पुलाच्या लोखंडाच्या होत्या असं सांगतात. ती दंतकथा आहे. पण ती टिकली यावरून त्या पुलाने मनावर काय कोरलं ते समजतं. तिकडे अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ ला गळती झालेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक लहान मुलं. त्याच वर्षी त्या राज्यात अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा झाला.

म्हणून कॅनडात प्रत्येक प्रांताची स्वतःची नियामक संस्था आहे. ऑन्टारियोत १९२२ च्या कायद्याने ती उभी राहिली. तिला पीईओ म्हणतात. तिचा परवाना असेल त्यालाच पी. इंजि. म्हणवून घेता येतं आणि आराखड्यावर शिक्का मारता येतो. परवाना नसताना ओळखपत्रावर ‘इंजिनिअर’ असं छापणंही तिथे कायद्यात बसत नाही. आपल्या मुलाला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा तो अपमान समजतो. समजू नये. त्या समाजाने शाळकरी मुलांच्या आणि कामगारांच्या मरणातून घेतलेली ती खबरदारी आहे, आणि आपल्याकडेही ती असती तर बरं झालं असतं असं पडलेल्या इमारतींच्या बातम्या वाचताना वाटतं.

याच कायद्यात एक मोकळी वाटही आहे आणि ती इथून निघणाऱ्यांना कुणी सांगत नाही. परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली, त्याच्या जबाबदारीवर, परवाना नसलेल्यालाही अभियांत्रिकीचं काम करता येतं. म्हणजे आधी परवाना आणि मग नोकरी असा क्रम मुळीच नाही. दरसूची घेऊन अंदाजपत्रक करणारा, एमबीत म्हणजे मोजमाप पुस्तिकेत नोंदी लिहिणारा, ठेकेदाराची बिलं तपासणारा माणूस तिथे एस्टिमेटर म्हणून लागू शकतो. ड्रॉइंग करणारा, गुणवत्ता तपासणारा, साईटचं वेळापत्रक सांभाळणारा अशा कितीतरी जागा असतात. पदनाम लहान असतं, पण अनुभव अभियांत्रिकीचाच मोजला जातो. गोदामातली दोन वर्षं मात्र कुठेच मोजली जात नाहीत.

यानंतरचा घोळ कागदांचा. तीन वेगवेगळ्या दारांना लोक एकच दार समजतात. पहिलं दार इमिग्रेशनचं. तिथे तुमची पदवी त्यांच्याकडच्या कोणत्या पातळीची आहे एवढंच तपासलं जातं. ‘वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस’ ही १९७४ पासूनची संस्था हे काम करते आणि आपली मुलं तिला नुसतं ‘वेस’ म्हणतात. दुसरं दार नियामक संस्थेचं. ती तुमचे विषय, अनुभव आणि व्यावसायिक नीतीचं ज्ञान पाहते. तिसरं दार नोकरी देणाऱ्याचं, आणि तो या दोन्हींकडे न पाहता तुम्ही उद्या काय करून द्याल एवढंच पाहतो. ‘वेसचं झालं, आता काय राहिलं?’ असं म्हणून निघालेला मुलगा दुसऱ्या दाराशी अडकतो, कारण पहिल्या दाराचा कागद तिथे चालत नाही. बरेच एजंट पहिल्या दारापर्यंतचेच पैसे घेतात आणि दुसऱ्याचा उल्लेखही करत नाहीत.

पदवीच्या मान्यतेबाबत एक आंतरराष्ट्रीय करार आहे आणि तो वर्ध्यातल्या प्रत्येक पालकाला माहीत असायला हवा असं मला वाटतं. वॉशिंग्टन करार. १९८९ मध्ये अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांच्या संस्थांनी तो केला: आम्ही एकमेकांनी मान्य केलेल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना तुल्य मानू. भारत २००७ मध्ये तात्पुरता आणि १३ जून २०१४ रोजी पूर्ण सदस्य झाला. आपल्या बाजूने ‘एनबीए’ म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ त्यात आहे. बातमी तेव्हा अशी पसरली की आता भारतीय डिग्री जगभर चालणार. खरी गोष्ट बरीच अरुंद आहे. एनबीए दोन स्तरांवर मूल्यांकन करतं. पहिला स्तर स्वायत्त संस्थांचा आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांचा. दुसरा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचा. करारात फक्त पहिल्या स्तराचे अभ्यासक्रम येतात. मान्यता महाविद्यालयाला नसून एकेका शाखेला असते, आणि तीही ठरावीक वर्षांपुरती.

आपल्या जिल्ह्याला याचा थेट चटका बसतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि सेवाग्रामचं बापूराव देशमुख महाविद्यालय त्या लाटेतच उभं राहिलं. शेतकऱ्यांची, शिक्षकांची, रेल्वेतल्या आणि पुलगावच्या दारूगोळा भांडारातल्या कामगारांची मुलं त्यामुळे घराजवळ राहून इंजिनिअर झाली. हे काम फार मोठं आहे. पण विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून शिकलेल्या मुलाला करार आपोआप तारत नाही. करारातली पदवी असली तरी ती परवाना नव्हे, आणि प्रत्येक प्रांत तिला सारखं वजनही देत नाही. करारात नसेल तर दार बंद होतं असंही नाही. कुठे विषयवार तपासणी होते, कुठे तांत्रिक परीक्षा द्याव्या लागतात, वेळ आणि पैसा जास्त जातो. एवढं निघण्याआधी कळलं तर माणूस तयारीने जातो. बारावीनंतर प्रवेश घेताना बसचं भाडं आणि प्लेसमेंटचा आकडा आपण विचारतोच. शाखेला एनबीएची मान्यता कोणत्या स्तराची आणि कोणत्या वर्षापर्यंतची आहे, हेही विचारावं.

कागदांत आणखी एक खास महाराष्ट्रीय अडचण आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम निराळा. तपासणाऱ्याला चार शब्दांतलं आडनाव कोणतं हेच कळत नाही. मुलगी असेल आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन कागदांवर जणू दोन बायका दिसतात. राजपत्रातली नोंद आणि विवाहाचा दाखला जोडावा लागतो. त्यात विद्यापीठाचंही नाव बदललेलं. १९२३ मध्ये स्थापन झालेलं नागपूर विद्यापीठ २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झालं. २००२ साली पास झालेल्याच्या पदवीवर एक नाव आणि आज मिळणाऱ्या ट्रान्स्क्रिप्टच्या शिक्क्यावर दुसरं. विद्यापीठ तेच आहे, असा दोन ओळींचा खुलासा सोबत असला की प्रश्न मिटतो. नसला की फाईल पडून राहते. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जावं लागतं, आणि कॅनडातल्या खोलीत बसून ते काम उरकणं अवघड. नागपूरला जाऊन खिडकीशी उभं राहणारा भाऊ नाहीतर मित्र लागतो. विषयवार अभ्यासक्रमाची पुस्तिका मागितली जाते तेव्हा वीस वर्षांपूर्वीचा सिलॅबस शोधायला महाविद्यालयाचं ग्रंथालय लागतं. निघण्याआधी या सगळ्याच्या दोन-तीन प्रती करून ठेवणं, हे विमानाच्या तिकिटाइतकंच गरजेचं आहे.

आता अनुभवाची गोष्ट. कित्येक वर्षं ऑन्टारियोत परवान्यासाठी किमान १२ महिन्यांचा कॅनडातला अनुभव सक्तीचा होता. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात माणसं पिळून निघाली. प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच सांगितलं होतं की अशी सरसकट अट प्रथमदर्शनी भेदभाव ठरते. पुढे २०२१ मध्ये प्रांताने कायदा बदलला आणि मे २०२३ मध्ये पीईओने ती अट काढली. आता अभियांत्रिकीचा ४८ महिन्यांचा अनुभव लागतो, तो कोणत्याही देशातला चालतो आणि तो क्षमतांवर जोखला जातो: सात गटांत मिळून ३४ क्षमता. प्रत्येक क्षमतेसाठी स्वतःच्या कामातला प्रसंग लिहायचा. परिस्थिती काय होती, मी काय केलं, परिणाम काय झाला.

यातला ‘मी’ आपल्याला जड जातो. ऑस्ट्रेलियात ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करारात न बसणाऱ्यांकडून सीडीआर नावाचा अहवाल मागते. त्यात आपल्या कामातले तीन प्रसंग सविस्तर लिहायचे असतात, आणि तिचा आग्रह असतो की ते प्रथमपुरुषी एकवचनात असावेत. आपला माणूस लिहितो: ‘पुलाचे काम यशस्वीरीत्या पूर्ण करण्यात आले.’ कुणी केलं? तपासणाऱ्याला तेवढंच हवं असतं. त्याऐवजी असं लिहावं लागतं: ‘खोदताना दोन मीटरवर मुरूम लागेल असा अंदाज होता, साडेतीनवरही काळी मातीच निघाली. मी काम थांबवलं, मातीचे नमुने तपासायला पाठवले, पायाचा प्रकार बदलण्याची टिपणी वरिष्ठांना दिली, वाढीव खर्चाचा हिशोब मांडला.’ हीच घटना हा माणूस चहाच्या टपरीवर तासभर रंगवून सांगेल, पण कागदावर ती ‘करण्यात आले’मध्ये बुडवेल. सरकारी टिपणीची भाषा आणि मोठ्यांसमोर स्वतःबद्दल बोलू नये हा संस्कार, दोन्ही आड येतात. म्हणून अशा माणसाशेजारी बसून त्याला प्रश्न विचारत राहणं ही फार मोलाची मदत आहे: मग तू काय केलंस? का केलंस? दुसरं काय करता आलं असतं? तयार अहवाल विकणारेही पुष्कळ आहेत. ती नक्कल पकडली जाते, अर्ज फेटाळला जातो आणि पुढचा मार्गही अडतो.

जर्मनीचं थोडक्यात. ‘इंगेनिऑर’ ही उपाधी तिथे कायद्याने संरक्षित आहे, पण कारखान्यात यंत्र अभियंता म्हणून नोकरी करायला उपाधीची मान्यता लागत नाही. पदवी तिथल्या ‘अनाबिन’ नोंदीत कशी दिसते हे व्हिसासाठी महत्त्वाचं ठरतं. १ जून २०२४ पासून नोकरी शोधायला तिथे जाऊन राहता यावं म्हणून ‘चान्सनकार्टे’ सुरू झालं आहे. अडतं ते भाषेपाशी. इंग्रजीवर मुलाखत निघते, शॉपफ्लोअर निघत नाही.

नव्या देशातल्या मदतीचा मला पटलेला नमुना त्या विनिपेगमधलाच आहे. मॅनिटोबा विद्यापीठात परदेशी अभियंत्यांसाठी आयईईक्यू नावाचा कार्यक्रम चालतो. आलेला अभियंता तिथल्या अंतिम वर्षाच्या मुलांबरोबर निवडक विषय शिकतो, तिथली मानकं आणि व्यावसायिक कायदा समजून घेतो, आणि मग काही महिने स्थानिक कंपनीत पगारी उमेदवारी करतो. एकाच कार्यक्रमात तिन्ही दारं हाताळली जातात: शिक्षणाची पूर्तता, नियामकाची मान्यता आणि पहिला साहेब. टोरांटोत ‘ट्रीएक’ ही २००३ पासूनची संस्था नवागताची त्याच व्यवसायातल्या स्थायिक माणसाशी काही महिन्यांची जोडी लावून देते. त्या जोडीतून नोकरीची हमी मिळत नाही. पण बायोडाट्यात वडिलांचं नाव आणि जन्मतारीख लिहू नये, मुलाखतीत मान खाली घालून बसू नये, कोणत्या कंपनीत कुणाला फोन करावा, ही जी माहिती पुस्तकात सापडत नाही ती मिळते. उत्तर अमेरिकेतली आपली महाराष्ट्र मंडळं गणपती आणि नाटकं मनापासून करतात. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली ती एकत्रही येतात. त्यांच्यात परवानाधारक अभियंते थोडेथोडके नाहीत. प्रत्येकाने वर्षाला एका नवागताचे अनुभवाचे प्रसंग वाचून दिले, तर फार मोठं काम होईल.

उलटा प्रवास वर्ध्याने पाहिला आहे. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडमधल्या वॉर्सातले विद्युत अभियंता. फ्रान्समध्ये काम करत असताना म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या नजरेत ते भरले आणि १९३०च्या दशकात बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे ते भारतानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रजेच्या हाती सत्ता द्यायचं ठरवलं तेव्हा फ्रिडमन आणि राजांचे पुत्र आप्पासाहेब पंत गांधीजींचा सल्ला घ्यायला सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, आले. गावाला हे नाव १९४० मध्ये मिळालं. औंधची राज्यघटना १९३९ ची. संस्थानातल्या आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, उभारण्यातही फ्रिडमन होते. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’मागे तीच प्रेरणा सांगितली जाते. आणि या विद्युत अभियंत्याचं वर्ध्याच्या मातीशी जुळणारं यंत्र कोणतं, तर धनुष तकली: धनुकलीने चाती फिरवून सूत काढायचं, चरख्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि कुणालाही घरी करता येईल असं साधन. त्याच सुमारास, ३० डिसेंबर १९३८ ला, गांधीजींनी वर्ध्यात मगन संग्रहालय उघडलं. ग्रामोद्योगाच्या साधनांचा विचार त्या गावात रोज चालू होता, आणि बाहेरून आलेल्या अभियंत्याला त्यात जागा होती.

फ्रिडमन यांच्याकडे कुणी ट्रान्स्क्रिप्ट मागितलं नाही. त्यांचं काम प्रत्यक्ष पाहिलेला एक वजनदार माणूस त्यांच्यासाठी उभा राहिला, एवढ्यावर झालं. आज लाखो लोक स्थलांतर करतात. प्रत्येकाला दिवाण भेटणार नाही आणि ओळखीवर चालणारी व्यवस्था न्यायाचीही नाही. म्हणून कागद आले. पण त्या कागदांच्या गाभ्यात जुनाच प्रश्न आहे: तुझं काम कुणी पाहिलंय?

क्षमतांच्या त्या अर्जात प्रत्येक प्रसंगाला साक्षीदार लागतो, शक्यतो स्वतः अभियंता असलेला, ज्याच्या हाताखाली किंवा ज्याच्यासोबत ते काम झालं. नियामक संस्था त्याला थेट ईमेल पाठवते आणि त्याने प्रत्येक क्षमतेवर आपलं मत नोंदवायचं असतं. आता हा साक्षीदार कोण? आर्वीतला निवृत्त उपअभियंता, हिंगणघाटच्या सूतगिरणीतला मेंटेनन्स प्रमुख, समृद्धी महामार्गाच्या कामावर असलेला आणि आता दुसऱ्या राज्यात गेलेला प्रकल्प व्यवस्थापक. ईमेल स्पॅममध्ये जातो. उघडला तर इंग्रजीतला लांबलचक फॉर्म पाहून ‘हे काहीतरी फसवणुकीचं दिसतं’ म्हणून पुसला जातो. किंवा चांगुलपणाने सगळीकडे पैकीच्या पैकी गुण आणि ‘मुलगा फार सज्जन आहे’ असा शेरा दिला जातो, ज्याचा तिथे काही उपयोग होत नाही. विनिपेगमधला अर्ज त्यामुळे महिनोन् महिने अडतो आणि आर्वीतल्या साहेबांना आपल्यामुळे काही अडलंय याची कल्पनाही नसते.

म्हणून निघण्याआधी साहेबांच्या घरी जावं. कोणत्या कामाबद्दल विचारणा होईल ते सांगावं, त्या काळातली आपली टिपणं, फोटो, ड्रॉइंगचे क्रमांक त्यांना दाखवून आठवणी ताज्या कराव्यात. त्यांचा चालू ईमेल आणि मोबाईल लिहून घ्यावा, आणि ईमेल पाहणाऱ्या त्यांच्या सुनेचा किंवा नातवाचाही. पत्र येईल तेव्हा पाठवणाऱ्या संस्थेचं नाव काय असेल हे मराठीत एका चिठ्ठीवर लिहून द्यावं. आणि साहेबांनीही, सर, तुमचा विद्यार्थी किंवा कनिष्ठ असा येऊन बसला, तर गुण वाटून मोकळं न होता त्या पायाचं काय झालं होतं, काम कुणी थांबवलं होतं, हिशोब कुणी मांडला होता, ते जसं आठवतं तसं लिहावं. महाविद्यालयांना तर हे संस्थेच्या पातळीवर करता येईल: माजी विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांसाठी एक जबाबदार माणूस, जुने अभ्यासक्रम वर्षवार स्कॅन करून ठेवलेले, विद्यापीठाच्या नावबदलाचं एक ठरावीक पत्र, आणि अंतिम वर्षाच्या मुलांकडून प्रकल्पाचा एक प्रसंग ‘मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत लिहून घेण्याचा सराव. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, आणि परदेशी न जाणाऱ्या मुलालाही पुण्याच्या मुलाखतीत तेच उपयोगी पडतं.